चौक अडवतो कोण आणि पावती फाटते कुणाची?

जालना एमआयडीसीत पाळी सुटते तेव्हा औरंगाबाद रोडवर (सरकारी भाषेत आता छत्रपती संभाजीनगर रोड) काय होते, ते चंदनझिऱ्याच्या माणसाला सांगायची गरज नाही. सळयांनी भरलेला ट्रेलर वळायला निघतो, समोरून भंगाराचा ट्रक येतो, मधल्या फटीत रिक्षा घुसते, रिक्षामागे कामगारांच्या मोटारसायकली, आणि चौक बंद. कोणी पुढे जात नाही, मागेही सरकत नाही. मग शिटी वाजते, दोन-चार जणांची पावती फाटते, हळूहळू चौक मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी तीच वेळ आणि तोच घोळ.

आमचा प्रश्न एवढाच आहे की ज्यांची पावती फाटली, चौक त्यांनीच अडवला होता का? चौक अडवणाऱ्याला दंड झाला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण चौक जिथून अडायला सुरुवात होते तिथवर कायदा पोचतच नसेल, तर त्या दंडाने शिस्त लागत नाही. घरपट्टी, पाणीपट्टी असते तशी ती चौकपट्टी होऊन बसते, आणि ती भरतो रोज कमावून रोज खाणारा माणूस.

कायदा काय सांगतो?

जगभर मान्य असलेला साधा नियम आहे. चौकाच्या पलीकडे आपली गाडी मावेल एवढी जागा दिसत नाही तोवर चौकात शिरायचे नाही, दिवा हिरवा असला तरी. मोठ्या शहरांत काही चौकांत पिवळ्या रेषांची जाळी रंगवलेली असते, ती याचसाठी. त्या जाळीवर गाडी उभी राहता कामा नये.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १२२ यासाठी वापरले जाते. इतरांना धोका, अडथळा किंवा नाहक त्रास होईल अशा रीतीने सार्वजनिक ठिकाणी वाहन उभे ठेवू नये, असे ते कलम म्हणते. संसदेने २०१९ मध्ये या कायद्यात सुधारणा करून दंड वाढवले. महाराष्ट्रात वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. सर्वसाधारण गुन्ह्याला पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा केला तर १५०० रुपये. वाहन धोकादायक रीतीने सोडून दिले असेल तर कलम १२७ प्रमाणे ते उचलून नेता येते, आणि उचलण्याचा खर्चही मालकाच्याच माथी येतो. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर कलम १९४-ई आहे. त्यात दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

कायदा कडक आहे, पण त्याचे टोक कुणाकडे आहे ते पाहा. कलम १२२ वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशी बोलते. ते वाहन तिथे का थांबले, ही चौकशी त्या कलमात नाही.

चौक अडतो तो गेटपासून

जालन्याची स्टील नगरी म्हणून ओळख आहे. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळते, रोलिंग मिलमध्ये सळई तयार होते आणि ती राज्यभर जाते. म्हणजे धंदा दोन्ही बाजूंनी जड. आत येणारे भंगार ट्रकने येते, बाहेर जाणारी सळई ट्रकने आणि ट्रेलरने जाते. बियाण्यांच्या कंपन्या आहेत, त्यांच्या हंगामाची गर्दी वेगळी. त्यात समृद्धी महामार्ग झाला. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला झाला. जालना आता नागपूर आणि मुंबई या दोन्हींना थेट जोडलेले आहे. ही आनंदाची गोष्ट आहे, पण महामार्गाची रुंदी महामार्गावरच राहते. तिथून उतरलेली अवजड गाडी शेवटी गावातल्या त्याच जुन्या चौफुलीवर येऊन थांबते.

जालन्यात चौकाला चौफुली म्हणतात. अंबड चौफुली, मंठा चौफुली, राजूर चौफुली, कन्हैयानगरची चौफुली. या जागा बैलगाडी आणि सायकलीच्या काळात ठरल्या. लांब ट्रेलर वळवायला दोन-तीन गाड्यांची जागा एकटाच खातो.

आता कारखान्याच्या गेटवर काय चालते ते पाहू. ट्रक आला की कागद तपासायचे, वजनकाट्यावर गाडी चढवायची, माल उतरवायचा, पुन्हा रिकाम्या गाडीचे वजन करायचे. काट्यावर एका वेळी एकच गाडी मावते. आत थांबायला जागा नसेल तर मागच्या गाड्या गेटबाहेर उभ्या राहतात. गेटबाहेर म्हणजे रस्त्यावर. रस्त्याची एक बाजू अशी गेली की उरलेल्या बाजूने दोन्हीकडची वाहतूक चालते, आणि तिचे शेपूट चौकात येते. तिथे रिक्षावाला अडकतो आणि पावती त्याच्या नावावर फाटते.

ट्रकच्या ड्रायव्हरलाही दोष देऊन भागत नाही. त्याला गेटवरून सांगितलेले असते, नंबर आला की आत घेऊ. नंबर सोडून तो लांब कुठे जाऊन थांबला तर नंबर जातो, आणि नंबर गेला की भाडे जाते. जालना, संभाजीनगर, बीड, मालेगाव, भिवंडी, या पट्ट्यात आपल्या समाजाची कितीतरी घरे ट्रक, रिक्षा, भंगार आणि हातगाडीवर चालतात. त्यामुळे हा विषय आमच्यासाठी नुसता वाहतुकीचा नाही, तो रोजी-रोटीचा आहे.

तीन माणसे, तीन पावत्या

एकाच चौकात अडकलेली तीन माणसे घ्या.

पहिला ट्रेलरचा ड्रायव्हर. त्याला ५०० रुपयांचे चलान होते. गाडी दुसऱ्याची, पण बऱ्याच ठिकाणी मालक हे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापतो. कंपनीला एका गाडीमागे पाचशे रुपये म्हणजे काहीच नाही. त्यामुळे गेटची व्यवस्था बदलण्याचे कारण कंपनीला कधी मिळतच नाही.

दुसरा रिक्षावाला. त्यालाही तेच ५०० रुपये, पण त्याची ती दिवसाची कमाई. चलान क्रमांकावर होते, संदेश मोबाईलवर जातो. नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाईल नंबर बदललेला असेल तर त्याला पत्ताच लागत नाही. चार-सहा चलाने साचतात आणि आरटीओत काही काम निघाले की एकदम समोर येतात. तोवर पहिल्या गुन्ह्याचे पाचशे आणि पुढच्यांचे पंधराशे असे गणित झालेले असते.

तिसरा हातगाडीवाला. त्याची गाडी मोटार नाही, म्हणून त्याला मोटार वाहन कायदा लागत नाही. त्याच्यावर भारतीय न्याय संहितेचे कलम २८५ लागते, सार्वजनिक रस्त्यावर अडथळा. जुन्या भारतीय दंड विधानात हेच कलम २८३ होते आणि त्यात दंडाची मर्यादा २०० रुपये होती. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली आणि मर्यादा ५००० रुपये झाली, म्हणजे पंचवीस पट. शिवाय हे वाहतुकीचे चलान नाही, हा फौजदारी गुन्हा आहे. पोलीस ठाणे आले, तारीख आली, बुडालेली मजुरी आली. उद्या त्याच घरातल्या पोराची नाही, पण त्या माणसाची स्वतःची चारित्र्य पडताळणी निघाली तर हा कागद आडवा येऊ शकतो.

रस्ता सर्वांत जास्त कोणी अडवला? ट्रेलरने. सर्वांत जड कायदा कुणावर? केळीच्या गाडीवर. हे कोणी मुद्दाम केले असे आमचे म्हणणे नाही. हाताशी जे कलम असते ते ज्याच्यावर लावणे सोपे, त्याच्यावर ते लागते.

पण तेच कलम २८५ नीट वाचले तर त्यात आणखी एक गोष्ट आहे. आपल्या ताब्यातल्या मालमत्तेची योग्य व्यवस्था न लावल्यामुळे रस्त्यात अडथळा झाला तर तोही याच कलमात बसतो. मग ज्या भूखंडाच्या गेटबाहेर रोज गाड्यांची रांग रस्ता खाते, त्या भूखंडधारकाला हा प्रश्न का विचारला जात नाही? महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चे कलम १०२ देखील आहे. माल चढवायला-उतरवायला लागेल त्याहून जास्त वेळ रस्त्यावर वाहन उभे ठेवणे त्यात मना आहे.

ड्रायव्हरच्या मागे उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचणे कायद्याला जमत नाही, असेही नाही. ट्रकच्या बाहेर सळई निघालेली असेल तर कलम १९४ (१-अ) प्रमाणे वीस हजार रुपये दंड आहे, आणि ते कलम गाडी चालवणाऱ्यासोबत चालवायला लावणाऱ्यालाही धरते. सळईसाठी जो शहाणपणा कायद्याने दाखवला, तो रांगेसाठी दाखवलेला नाही.

कॅमेऱ्याच्या यादीत जालना

बऱ्याच वाचकांना हे माहीत नसेल. केंद्र सरकारने ११ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नवा नियम घातला. कॅमेऱ्यांनी वाहतुकीवर नजर कशी ठेवायची, ते त्यात आहे. दहा लाखांवर लोकसंख्येची शहरे आणि त्यांच्यासह देशातल्या १३२ शहरांची यादी त्यात दिली आहे. महाराष्ट्राची १९ शहरे त्या यादीत आहेत आणि मुंबई, पुणे, नागपूर यांच्या रांगेत जालन्याचेही नाव आहे. २०११ च्या जनगणनेत तीन लाखांच्या आत असलेले आपले शहर तिथे कसे आले? ही तीच १३२ शहरे आहेत जी हवेच्या प्रदूषणासाठी राष्ट्रीय कार्यक्रमात निवडली गेली. म्हणजे भट्ट्यांचा आणि ट्रकचा धूर आपल्याला कॅमेऱ्याच्या यादीत घेऊन गेला.

या नियमात सरकारवरही बंधने आहेत आणि ती लोकांना माहीत असली पाहिजेत. कॅमेरा लावलेल्या ठिकाणी लोकांना दिसेल असा सूचना फलक हवा. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पोचली पाहिजे. नोटिशीसोबत वाहनाचा नंबर आणि गुन्हा दाखवणारा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, जागा आणि कोणते कलम मोडले, हे हवे. प्रकरण निकाली निघेपर्यंत ती नोंद जपून ठेवायची आहे.

चौकात अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने फोटोचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. फोटो एका क्षणाचा असतो. रिक्षा चौकाच्या मध्यात उभी आहे, एवढेच त्यात दिसते. ती आपल्या मर्जीने थांबली की पुढे ट्रक आडवा आल्याने, हे त्यात दिसत नाही. लाल दिवा तोडणे, हेल्मेट नसणे, यात फोटो पुरेसा असतो. चौक अडवण्यात तो अपुरा आहे. अशा गुन्ह्याला थोडा वेळ चाललेले चित्रीकरण हवे.

२०२५ च्या जुलैत राज्यातल्या वाहतूकदारांनी संप पुकारला, त्यात ई-चलान हाच मुख्य मुद्दा होता. शाळेबाहेर मुले चढ-उतार करायला थांबलेल्या बसलाही दंड होतो, अशी स्कूलबसवाल्यांची तक्रार होती. बस थांबल्याशिवाय मूल उतरणार कसे? त्याच सुमारास पोलिसांनी स्वतःच्या खाजगी मोबाईलवर फोटो काढून चलान करू नये, असा आदेश राज्य पातळीवरून निघाला. तक्रारीत तथ्य होते, म्हणून तर आदेश काढावा लागला.

बाहेरच्या शहरांनी काय केले?

लंडनमध्ये पिवळ्या जाळीवर थांबले की कॅमेरा दंडाची नोटीस पाठवतो. तो दंड आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. पण तिथे दंड चुकीचा वाटला तर पोलीस आणि पालिका या दोघांहून वेगळ्या, स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाता येते. २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या लंडनबाहेरच्या पालिकांनाही हा अधिकार मिळाला, तेव्हा सरकारने त्यांना सांगितले की कॅमेरा सुरू झाल्यावर पहिले सहा महिने, त्या जागी पहिल्यांदा चुकलेल्याला फक्त ताकीद द्या.

आम्हाला यातली सहा महिन्यांची ताकीद फार पटते. वर्गातही नियम आधी फळ्यावर लिहावा लागतो, मग शिक्षा. आपल्या चौफुल्यांवर थांबण्याची रेषा कुठे आहे, जाळी कुठे रंगवली आहे, ते आधी दाखवा. रेषा पुसलेली, दिवा बंद, आणि हातात मशीन, अशाने लोकांच्या मनात कायद्याची इज्जत वाढत नाही.

आपल्या दारातला चौक

सरकारला प्रश्न विचारताना आपल्या मोहल्ल्याकडेही पाहिले पाहिजे. जुम्म्याच्या नमाजला गाडी आडवी लावून आत जाणारे कमी नाहीत. शादीखान्याबाहेर वरातीच्या गाड्यांनी रस्ता बंद होतो. शाळा सुटताना गेटला चिकटून मोटारसायकल उभी करणारे पालक आम्ही रोज पाहतो. आपल्या दीनमध्ये रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच भाग मानला आहे, आणि रस्त्यावर बसणाऱ्याने रस्त्याचा हक अदा करावा अशी शिकवण आहे. मग नमाजसाठी जाताना दुसऱ्याचा रस्ता बंद करणे कोणत्या हिशोबात बसते? प्रत्येक मशिदीच्या कमिटीने जुम्म्याला दोन तरुण पार्किंगसाठी उभे केले तरी पुष्कळ फरक पडेल. इमाम साहेबांनी बयानात दोन मिनिटे यावर बोलावे.

कारवाई फक्त आपल्याच भागात होते, असे चहाच्या टपरीवर रोज ऐकायला मिळते. असेल किंवा नसेल. टपरीवरच्या बोलण्याने ते सिद्ध होत नाही. कोणत्या चौकात, कोणत्या कलमाखाली, कोणत्या प्रकारच्या वाहनांवर किती चलाने झाली, ही माहिती दहा रुपयांच्या अर्जावर माहितीच्या अधिकारात मागता येते, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आकडे हातात आले की बोलायला बळ येते, आणि शंका खोटी निघाली तर तीही मनातून जाते.

मग करायचे काय?

ज्याला चलान आले त्याने आधी राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर जाऊन फोटो पाहावा. चूक असेल तर तिथेच तक्रार नोंदवता येते. तडजोडीचा दंड भरणे हा कबुलीचा मार्ग आहे. गुन्हा मान्य नसेल तर न्यायालयात बाजू मांडण्याचा हक आहे. राष्ट्रीय लोकअदालतीत अशी थकीत प्रकरणे ठेवली जातात, त्या तारखेवर लक्ष ठेवावे. आणि आरटीओच्या नोंदीत आजच आपला चालू मोबाईल नंबर टाकून घ्यावा. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरांनी रविवारी दोन तास बसून रिक्षावाल्यांची ही कामे करून दिली, तर त्यासारखी खिदमत नाही.

प्रशासनाकडे आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. एमआयडीसी आपल्या क्षेत्राची नियोजन प्राधिकरण आहे, बांधकामाचे नकाशे तीच मंजूर करते. मंजूर नकाशात पार्किंग आणि माल चढ-उतारीसाठी दाखवलेली जागा आज खरोखर मोकळी आहे की तिथे शेड उभी आहे, हे तपासावे. ट्रकांना थांबायला वसाहतीत सामायिक तळ असावा, जिथे पाणी आणि शौचालय असेल, आणि गेटवरून फोन आला की गाडी निघेल. कलम ११५ प्रमाणे ठराविक वेळी ठराविक रस्त्यावर अवजड वाहनांना मनाई करता येते. पाळी सुटण्याची आणि शाळा सुटण्याची वेळ तेवढी वगळावी. सगळ्या कारखान्यांची पाळी एकाच वेळी सुटू नये, अर्धा-अर्धा तास मागेपुढे करावी.

हे कुठे मांडायचे? उद्योजकांना जिल्हाधिकाऱ्यांसमोर बोलायला उद्योग मित्र समितीची बैठक असते. तिथे रस्त्यांचा विषय निघतो, पण रिक्षावाला आणि हातगाडीवाला तिथे नसतो. त्यांच्यासाठी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे दार ठोठवावे लागेल. फेरीवाल्यांसाठी तर २०१४ चा पथविक्रेता कायदाच आहे. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असले पाहिजेत, असे तो सांगतो. हातगाडीला जागा ठरवून दिली नाही आणि जागा नाही म्हणून कलम २८५ लावले, हा न्याय होत नाही.

पाचशे रुपयांची पावती फाडायला एक मिनिट लागतो. गेटबाहेरची रांग आत घ्यायला नकाशे, बैठका आणि थोडी हिंमत लागते. जालन्यात महापालिका आली, समृद्धी आली, कॅमेऱ्यांच्या यादीत नावही आले. आता पुढच्या वेळी चौक अडला की पोलिसाने पावतीसोबत एवढे तरी लिहून घ्यावे की रांग कोणत्या गेटपासून सुरू झाली होती. महिनाभराच्या त्या नोंदी रस्ता सुरक्षा समितीसमोर ठेवल्या, तर दंड कुणाला करायचा हे कुणाला विचारावे लागणार नाही.